खारा वारा सगळे धुऊन नेतो काय?



कोकणात राहणाऱ्या माणसाला तुमच्या गावची हवा कशी आहे असे विचारा. तो क्षणाचाही विलंब न लावता सांगेल, "आमच्याकडे काय, समुद्र आहे! एकदम शुद्ध हवा." मुंबई-पुण्याचे पाहुणे सुटीत येतात तेही "हवा खायला आलो" असेच म्हणतात. पूर्वी आजाऱ्याला हवापालटासाठी समुद्रकाठी नेण्याची पद्धत होती, ती याच समजुतीतून. समुद्र आहे, वारा आहे, झाडी आहे, मग हवा वाईट होईलच कशी?

ही समजूत अगदीच निराधार नाही. परंतु ती अर्धी खरी आहे, आणि अर्धे खरे हे पुष्कळदा पूर्ण खोट्यापेक्षा अधिक फसवे असते. आपण स्वस्थ बसतो ते त्याच्याच भरवशावर. माझे मत मी प्रथमच सांगून टाकतो. समुद्रकाठच्या लहान शहरांची आणि गावांची हवा बारा महिने मोजली गेली पाहिजे, आणि हे काम हवा बिघडल्यावर सुरू करून भागणार नाही, ते आजच सुरू झाले पाहिजे. असे मी का म्हणतो ते आता क्रमाने पाहू.

वारा नेतो, तसाच परतही आणतो

खारे वारे आणि मतलई वारे तुम्ही भूगोलात शिकला आहात. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे पाचव्या भागात एक ग्रॅम कोरडी वाळू तेवढीच तापते. शिवाय समुद्राचे पाणी सतत घुसळले जाते, त्यामुळे उष्णता खोलवर वाटली जाते. म्हणून दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते. हे खारे वारे. रात्री उलट घडते. जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. हे मतलई वारे.

आता परीक्षेत न विचारला जाणारा एक प्रश्न. रात्री मतलई वाऱ्याबरोबर गावाचा धूर समुद्रावर गेला. पुढे त्याचे काय झाले? तो नाहीसा झाला काय? मुळीच नाही. मतलई वारा मंद असतो. किनाऱ्यापासून काही अंतरावर तो धूर घुटमळत राहतो. दुसऱ्या दिवशी खारे वारे सुटले म्हणजे तीच हवा पुन्हा गावात येते, आणि आपण छाती भरून "समुद्राची ताजी हवा" घेतो! जोराचे वारे वाहत असतील त्या दिवसांत असे होत नाही. परंतु हिवाळ्यातल्या शांत दिवसांत एकच हवा अशी ये-जा करू शकते, आणि प्रत्येक फेरीत तिच्यात नव्या धुराची भर पडते. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी असल्यामुळे खालच्या थरातील हवेला तिकडूनही सहज वाट मिळत नाही.

हिवाळ्यातल्या रात्री आणखी एक गोष्ट घडते. जमीन झपाट्याने निवते, तिच्यालगतची हवाही निवते, आणि वरची हवा मात्र त्या मानाने उबदार राहते. एरवी वर जावे तसे तापमान उतरते, येथे ते चढते. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. खालची गार हवा जड, ती वर जात नाही. पातेल्यावर झाकण ठेवावे तसा प्रकार होतो. पहाटे वाडीवाडीतून निघालेला चुलींचा आणि पालापाचोळ्याचा धूर माडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर आडवा पसरलेला तुम्ही पाहिला असेल. पुष्कळांना ते दृश्य फार रम्य वाटते. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने ते बंद झाकणाचे चित्र आहे.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. नैऋत्येचा जोरदार वारा आणि तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस यांच्यापुढे धूळ-धुराचे काही चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणची हवा खरोखरच धुतल्यासारखी असते. परंतु वर्षाचे महिने बारा आहेत, चार नव्हेत.

आणि हिवाळ्यात तो अफाट समुद्र तरी निर्मळ असतो काय? १९९९ साली जानेवारी ते मार्च या काळात 'इंडोएक्स' नावाचा मोठा आंतरराष्ट्रीय प्रयोग झाला. जहाजे, विमाने आणि मालदीवमधील वेधशाळा यांच्या साह्याने शास्त्रज्ञांनी अरबी समुद्र व हिंदी महासागर यांवरील हवेचा अभ्यास केला. भारताचे 'सागर कन्या' हे संशोधन जहाजही त्यात होते. जमिनीवरून ईशान्येच्या वाऱ्याबरोबर वाहत आलेले काजळीमिश्रित तपकिरी धुके समुद्रावर फार दूरपर्यंत पसरलेले त्यांना आढळले. समुद्र ज्याचे धुणे धुतो असे आपण समजतो, तो स्वतःच मळलेला होता! २०२२ च्या जानेवारीत तर पाकिस्तानकडून उठलेले धुळीचे वादळ अरबी समुद्रावरून मुंबईपर्यंत आले आणि रस्त्यावरच्या मोटारींवर पांढरट धूळ साचली. ती धूळ समुद्र ओलांडूनच आली होती.

धुराडे एका गावी, धूर दुसऱ्या गावी

किनाऱ्यावर औष्णिक वीजकेंद्र किंवा मोठा कारखाना उभारला म्हणजे त्याचे धुराडे उंच बांधतात. उंच धुराड्यामुळे धूर दूर जातो आणि विरळ होतो, हे खरेच आहे. परंतु किनाऱ्यावर एक चमत्कारिक गोष्ट घडते. दिवसा समुद्रावरून येणारी हवा गार व स्थिर असते. उंच धुराड्यातून निघालेला धूर तिच्यात फारसा वरखाली न होता एखाद्या फितीसारखा आत सरकतो. धुराड्याखालच्या गावाला वाटते, आपल्याकडे काहीच त्रास नाही. पण ती हवा तापलेल्या जमिनीवरून जसजशी आत जाते, तसतशी ती खालून तापू लागते. खळबळणाऱ्या हवेचा थर जमिनीलगत तयार होतो आणि आत जावे तसा जाड होत जातो. काही किलोमीटरवर हा थर त्या धुराच्या फितीला जाऊन भिडतो, आणि मग वरचा धूर घुसळून थेट जमिनीपर्यंत उतरतो.

याचा अर्थ काय? ज्या गावाने धुराडे पाहिलेही नाही, कदाचित त्याच गावाला धूर अधिक मिळेल. मोजणीचे यंत्र कारखान्याच्या फाटकापाशी ठेवून "हवा ठीक आहे" असा निर्वाळा दिला तर तो आकडा खरा असूनही निष्कर्ष चुकीचा ठरू शकतो. कोठे मोजावे, केव्हा मोजावे, हा सुद्धा विज्ञानाचाच प्रश्न आहे.

हवेत असते तरी काय?

समुद्रकाठच्या हवेत तीन पाहुणे नेहमीचे. पहिले मीठ. लाटा फुटतात, बुडबुडे फुटतात, खारे तुषार उडतात, पाणी आटते आणि मिठाचे कण हवेत राहतात. दारांच्या बिजागऱ्या व सायकली गंजतात त्या यांच्यामुळे. दुसरी धूळ. चिरेखाणीत यंत्राने चिरा कापताना उडणारी तांबडी भुकटी, महामार्गाच्या रुंदीकरणात उकरलेली माती, वाहनांच्या चाकांखालून उठणारी धूळ. तिसरा धूर. चुलींचा, कचऱ्याचा, डिझेलवर चालणाऱ्या ट्रकांचा आणि मच्छीमारी बोटींचा, शेतातल्या भाजावळीचा आणि सड्यावर लावलेल्या वणव्यांचा. वणवा लावला म्हणजे पुढच्या वर्षी गवत चांगले येते अशी समजूत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. बंदरात येणाऱ्या मोठ्या जहाजांचाही वाटा आहे. त्यांच्या इंधनात पूर्वी साडेतीन टक्क्यांपर्यंत गंधक चालत असे. १ जानेवारी २०२० पासून जगभर ही मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली गेली. नियमाने सुधारणा होते, याचे हे एक चांगले उदाहरण आहे.

हे तिन्ही पाहुणे सारखेच घातक नाहीत. महत्त्व आहे ते आकाराला. दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम १० आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांना पीएम २.५ म्हणतात. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. स्टोक्सचा नियम लावून पाहिले, तर पाण्याच्या घनतेचा दहा मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे तीन मिलिमीटर खाली येतो. म्हणजे दहा मीटरवरून जमिनीवर यायला त्याला तासभर लागेल. एक मायक्रॉनच्या कणाचा वेग याच्या शंभरावा भाग! त्याला तेवढ्याच उंचीवरून खाली यायला जवळजवळ चार दिवस हवेत. म्हणून धूळ खाली बसते आणि धूर तरंगत राहतो. मोठे कण नाकात, घशात अडकतात. बारीक कण फुप्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोचतात.

एक गणित करू. मोठा माणूस दिवसाला सुमारे दहा घनमीटर हवा आत घेतो. पीएम २.५ साठी आपल्या देशाने २००९ साली ठरविलेली वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे मर्यादेत असलेल्या हवेतूनही दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम कण आत जातात. वजन मिठाच्या चार-दोन बारीक खड्यांएवढे! पण हे कण एक मायक्रॉन व्यासाचे व पाण्याइतक्या घनतेचे धरले, तर त्यांची संख्या ७५ कोटींहून अधिक भरते. मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद असतो आणि वजनाच्या मानाने ती अधिक हवा घेतात. म्हणून हा प्रश्न माझ्यापेक्षा तुमचा अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच वार्षिक मर्यादा केवळ ५ मायक्रोग्रॅम असावी असे सुचविले आहे. याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ साली बाहेरच्या हवेचे प्रदूषण हे कर्करोगाचे एक कारण म्हणून नोंदविले.

नाक हे मापनयंत्र नव्हे

"वास येत नाही, मग हवा चांगलीच असणार," असे कोणी म्हणाले तर त्याला सुक्या मासळीच्या वखारीकडे न्या. तेथील वास काही जणांना सहन होत नाही. पण हा वास देणारी अमाइने नाकाला इतक्या अत्यल्प प्रमाणात कळतात, की उग्र वास म्हणजे तितकाच मोठा धोका असे मुळीच नाही. उलट अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू प्राणघातक असूनही त्याला वासच नसतो. बारीक कणांनाही स्वतःचा असा वास नसतो. निसर्गाने नाक दिले ते अन्न नासले की काय हे कळावे म्हणून. मायक्रोग्रॅम मोजण्यासाठी नव्हे.

डोळाही फसतो. हवेतील आर्द्रता सुमारे पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की मिठाचा कण पाणी ओढून घेतो आणि थेंबुटा बनून फुगतो. मग समोरचा डोंगर पुसट दिसतो. ते धुके म्हणावे की प्रदूषण? नुसते पाहून सांगता येत नाही. हल्ली बाजारात मिळणारी लहान, स्वस्त यंत्रे कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. समुद्रकाठच्या दमट हवेत फुगलेले कण पाहून तीही आकडा वाढवून सांगतात. म्हणून ती टाकाऊ ठरत नाहीत. मात्र गाळणीच्या कागदावर कण गोळा करून, कोरडे करून, तोलून काढलेल्या आकड्याशी त्यांची पडताळणी केली पाहिजे. त्या कागदाचे रासायनिक पृथक्करणही झाले पाहिजे. सोडियम व क्लोरीन सापडले तर मीठ, सिलिकॉन, अॅल्युमिनियम व लोह सापडले तर माती, काजळी सापडली तर धूर. नाहीतर समुद्राच्या मिठाचा दोष कारखान्याला लागेल, किंवा कारखान्याची काजळी मिठाच्या नावावर खपेल. दोन्ही अन्यायच.

मोजले नाही, म्हणून नाही?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आपल्या देशात हवेच्या प्रदूषणाविरुद्ध १९८१ पासून कायदा आहे. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम सुरू झाला. त्यात प्रथम १०२ शहरे निवडली होती, पुढे ती संख्या १३० च्या वर गेली. निवड कशी झाली? जेथे ओळीने काही वर्षे मोजलेले आकडे राष्ट्रीय मर्यादेपेक्षा वर राहिले, ती शहरे यादीत आली. पद्धत योग्यच आहे. पण तिच्यातली मेख पाहा. यादीत येण्यासाठी आकडे हवेत, आणि आकड्यांसाठी यंत्र हवे. जेथे यंत्रच नाही, ते गाव आपोआप "शुद्ध" ठरते! शाळेत वजनकाटाच नसेल तर एकही मूल कमी वजनाचे आढळणार नाही, तसाच हा प्रकार. किनाऱ्यावरची बहुतेक गावे आज अशा न मोजलेल्या शुद्धतेत सुखी आहेत.

मोठा प्रकल्प येतो तेव्हा २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे आधी परिसराची पाहणी करून परिणामांचा अहवाल करावा लागतो. या पाहणीत पुष्कळदा पावसाळा सोडून एकाच ऋतूतील हवेचे मोजमाप पुरेसे धरले जाते. पठारावर ते कदाचित चालून जाईल. पण जेथे वारा दिवसातून दोनदा आणि वर्षातून दोनदा दिशा बदलतो, तेथे तीन महिन्यांच्या आकड्यांवरून बारा महिन्यांचे भविष्य कसे सांगणार?

शिवाय असे पाहा. उद्या कारखाना आला आणि दहा वर्षांनी गावकरी म्हणाले की आमची हवा बिघडली, तर पहिला प्रश्न येईल, "पूर्वी कशी होती?" उत्तर देण्यासाठी जुनी नोंद हवी. ती नसेल तर गावकऱ्यांचे म्हणणे खरे असूनही सिद्ध होणार नाही. आणि कारखान्याची बाजू खरी असेल तर तीही सिद्ध होणार नाही. दोघेही आवाज चढवतील आणि ज्याचा आवाज मोठा तो जिंकेल. विज्ञान हे अशा वेळी आवाजाऐवजी आकडा ठेवण्यासाठीच असते.

दोन आक्षेप

काही जण म्हणतात, "दिल्लीची हवा पाहा! तिच्यापुढे आपली हवा म्हणजे स्वर्ग. उगाच बाऊ कशाला?" दिल्लीची हवा आपल्यापेक्षा कितीतरी वाईट आहे हे मान्य. पण शेजाऱ्याला १०४ ताप आहे म्हणून आपला १०१ ताप म्हणजे आरोग्य होत नाही. हवा थोडी बिघडलेली असताना सावरणे सोपे व स्वस्त असते. समुद्र आहे म्हणून सारे आपोआप निभावेल असे मानू नये. समुद्राने तिन्ही बाजूंनी वेढलेल्या मुंबईत २०२२-२३ च्या हिवाळ्यात हवा अनेक दिवस वाईट होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. "हवा मोजू लागलात तर उद्योग येणार नाहीत. मग पोरांनी मुंबईलाच जायचे का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माझे बहुतेक विद्यार्थी पदवी घेऊन गाव सोडतात, हे मी दरवर्षी पाहतो. पण मोजणे म्हणजे विरोध करणे नव्हे. डॉक्टर नाडी पाहतो तो रोग्याचा शत्रू नसतो. नीट चालणाऱ्या कारखान्याला आकड्यांची भीती वाटण्याचे कारण नाही, उलट तेच त्याचे प्रमाणपत्र. आणि हेही लक्षात ठेवा, की आकडे केवळ कारखान्याकडेच बोट दाखवतील असे नाही. ते आपल्या परसात जळणाऱ्या प्लॅस्टिककडे, जेटीवर पेटवलेल्या जुन्या नायलॉनच्या जाळ्यांकडे आणि सड्यावरच्या वणव्याकडेही दाखवतील. ते पाहण्याची आपली तयारी हवी.

म्हणून माझे म्हणणे असे. किनाऱ्यावरील प्रत्येक तालुक्याच्या गावी हवा मोजण्याचे निदान एक विश्वासार्ह केंद्र असावे. बंदर किंवा मोठा प्रकल्प असेल तेथे किनाऱ्यापाशी एक आणि आत डोंगराकडे एक, अशी दोन असावीत. मोजणी बारा महिने व्हावी आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागावेत.

तुम्ही काय कराल?

हे होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. शाळेच्या विज्ञान मंडळाला एका वहीत करता येतील अशी चार कामे सांगतो.

एक, रोज सकाळी सात व दुपारी दोन वाजता काठीला बांधलेल्या दोऱ्यावरून वाऱ्याची दिशा लिहा. खारे वारे सुरू होण्याची वेळ महिन्यागणिक कशी बदलते ते आपोआप कळेल.

दोन, शाळेतून दिसणारे तीन टप्पे ठरवा. जवळची टेकडी, मधला दीपस्तंभ किंवा मंदिराचा कळस, आणि दूरचे समुद्रातले टोक. रोज कोणते स्पष्ट, कोणते पुसट दिसते ते लिहा. शेजारी कोरड्या व ओल्या फडक्याच्या तापमापकावरून काढलेली आर्द्रता लिहा. हवा कोरडी असूनही टोक दिसत नसेल तर तो दिवस लाल शाईने नोंदवा.

तीन, पांढऱ्या कार्डांवर व्हॅसलीनचा पातळ थर देऊन ती रस्त्याकडेला, किनाऱ्यावर व शाळेच्या मागे चोवीस तास ठेवा. एक तसेच कार्ड बंद डब्यात ठेवा, ते तुलनेसाठी. मग भिंगाखाली चौरस सेंटिमीटरमधील कण मोजा. लक्षात ठेवा, येथे सापडते ती खाली बसणारी जाड धूळ. बारीक कण या युक्तीने सापडत नाहीत. जे मोजले तेवढेच म्हणावे, त्याहून एक शब्दही अधिक म्हणू नये.

चार, गावात कोठे काय जळते, किती वाजता जळते, याची यादी करा. कोणाचे नाव लिहू नका, भांडण नको. जागा आणि वेळ पुरे.

वर्षभराने ही वही ग्रामसभेत वाचून दाखवा. तुमच्या दोऱ्याला आणि व्हॅसलीनला कोणी हसले तर हसू द्या. जॉन एटकेन या स्कॉटिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घरी बनविलेल्या उपकरणांनी हवेतील धूलिकण मोजण्यास सुरुवात केली, आणि त्यातूनच वातावरणातील कणांचे शास्त्र पुढे वाढले.

खारा वारा पुष्कळ काही धुऊन नेतो. पण किती नेतो, किती परत आणतो आणि कोणाच्या दारी टाकतो, हे तो आपण होऊन सांगत नाही. ते त्याला विचारावे लागते, आणि वाऱ्याला प्रश्न विचारण्याची एकच भाषा आहे, ती म्हणजे मोजमाप. ही भाषा तुम्ही शाळेतच शिकावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.